तुटलेला डीएनए, त्यातल्या गाठी आणि दगडातले मासे

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुटलेला डीएनए पेशी दुरुस्त करते असे आपण शिकतो, पण ती तो करते कसा? ही दुरुस्ती इतकी चोख असेल, तर माशांपासून चार पायांचे प्राणी झाले कसे? आणि जीवाश्मात डीएनए उरत नसताना हाडांकडे बघून जनुकांविषयी बोलणारे कशाच्या आधारावर बोलतात?

वरवर हे तीन वेगळे प्रश्न दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे. दुरुस्ती झाली की वस्तू पहिल्यासारखी होते, हे ते गृहीत. तुटक्या डीएनएवर काम करण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली, आणि हे गृहीत डोक्यातून जायला त्यातली पहिली दोन-तीन लागली. पेशीला सगळे पहिल्यासारखे करण्याची हौस नसते. तिला पुढचे विभाजन जिवंतपणी पार पाडायचे असते. त्यासाठी ठिगळ लावावे लागले तर ती लावते, दोन सुटी टोके दिसली तर गाठ मारून मोकळी होते. ठिगळ दिसते आणि गाठ हाताला लागते. उत्क्रांतीचा काही भाग आम्ही अशा गाठी चाचपतच वाचतो.

रोजची किरकोळ पडझड आधी उरकून टाकू. पेशीतल्या पाण्यामुळेच डीएनएची अक्षरे, म्हणजे ज्यांच्या ओळीने डीएनए बनतो ते छोटे रासायनिक घटक, गळत असतात. एका मानवी पेशीत दिवसाला साधारण दहा हजार अक्षरे अशी आपोआप निखळतात. सायटोसीन हे अक्षर तर स्वतःहून बदलून युरॅसिल हे डीएनएत नसायला हवे ते अक्षर होते, तेही दिवसाला शेकड्यांनी. (हे युरॅसिल लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.) असे युरॅसिल हुडकून कापून काढणारे विकर टोमास लिंडाल यांनी १९७४ साली शोधले. पुढे २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार यांच्याबरोबर मिळाले. या प्रकारचे नुकसान एकाच धाग्यावर होते. समोरचा धागा शाबूत असतो आणि सगळा मजकूर त्यावर पूरक अक्षरांत लिहिलेलाच असतो. खराब भाग कापायचा, समोर बघून भरायचा, टाका घालायचा. ही दुरुस्ती खरोखरच चोख असते, आणि चोखपणाची ती प्रतिमा बहुधा इथूनच आली आहे.

खरी पंचाईत होते ती दोन्ही धागे एकाच जागी तुटले की. मग समोर बघायला काही उरतच नाही. एक ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतके क्ष-किरण दिले तर एका पेशीत अशा तीस-चाळीस तुटी होतात. पण किरणांवाचून काही अडत नाही. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा मध्येच अडखळली तरी धागे तुटतात, आणि ते रोज घडते. गुणसूत्राचा तुटलेला भाग विभाजनात मागे पडला तर त्यावरची शेकडो जनुके एकदम जातात. म्हणून अशी एक तूटसुद्धा पेशी फार मनावर घेते.

सर्वांत आधी पोचते ते कू नावाचे प्रथिन. ते कड्याच्या आकाराचे असते आणि बोटात अंगठी सरकवावी तसे तुटक्या टोकावर सरकते. आपल्या पेशीत त्याचे लाखो रेणू तयारच असतात, त्यामुळे काही सेकंदांत टोके झाकली जातात. त्याच सुमारास एटीएम नावाचे विकर तुटीच्या दोन्ही बाजूंना लाखो अक्षरांच्या अंतरापर्यंत एच-टू-ए-एक्स या प्रथिनावर रासायनिक खूण करत सुटते. डीएनए ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्यांतल्या काही रिळांचा हे प्रथिन एक भाग असते. ही खूण १९९८ साली ओळखली गेली आणि आमचे काम एकदम सोपे झाले. तिला चिकटणारा चमकता रंग घातला की सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक तूट हिरव्या ठिपक्यासारखी दिसते. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्याला मी पहिले काम हेच देते: किरण द्या, अर्ध्या तासाने ठिपके मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पहिल्यांदा तीस-पस्तीस, दुसऱ्या दिवशी दोन-चार. मुले खूश होतात, म्हणतात, सगळे दुरुस्त झाले. मग मी विचारते, ठिपका गेला म्हणजे टोके जोडली गेली एवढेच कळले. बरोबर जोडली गेली का, हे कुठे मोजलेत?

जोडण्याचे दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला म्हणजे टोकाला टोक लावणे. त्याचे पूर्ण नाव नॉन-होमोलॉगस एंड जॉइनिंग, पण बोलताना सगळे एनएचईजेच म्हणतात. कूने धरलेली दोन टोके जवळ आणली जातात, त्यांवरचा खराब झालेला भाग छाटला जातो, लागलीच तर दोन-चार अक्षरे भरली जातात आणि चौथ्या प्रकारचे लायगेज हे सांधणारे विकर टाका घालते. कुठल्याही नमुन्याशी पडताळणी होत नाही. छाटताना गेलेली अक्षरे गेली ती गेलीच. तरीही आपल्या पेशी बहुतेक तुटी याच रस्त्याने मिटवतात, कारण हा रस्ता चोवीस तास उघडा असतो. शिवाय आपल्या डीएनएचा जेमतेम दीड टक्का भाग प्रथिनांचा मजकूर आहे. उरलेल्या विस्तारात चार अक्षरे गळाली तर बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा रस्ता जुळत्या प्रतीचा, म्हणजे होमोलॉगस रिकॉम्बिनेशन. पेशीने विभाजनापूर्वी डीएनएची नक्कल करून ठेवली असेल तर हुबेहूब जुळी प्रत शेजारीच असते. मग तुटक्या टोकांचा एक धागा मुद्दाम मागे सोलला जातो, उघड्या पडलेल्या धाग्यावर बीआरसीए-टू हे प्रथिन राड-५१ या दुसऱ्या प्रथिनाचे रेणू ओळीने चढवते आणि ती दोरी जुळ्या प्रतीत आपली जागा शोधते. सहा अब्जांहून अधिक अक्षरांच्या गर्दीत ती आपली जागा शोधून काढते, याचे आश्चर्य मला अजून वाटते. जागा सापडली की तिथून नक्कल करून तूट भरली जाते. हे काम संथ असते, पण जवळजवळ बिनचूक. हाच रस्ता बंद पडला की स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग का वाढतो, ती कथा मोठी आहे आणि तिला वेगळे उत्तर लागेल.

या दोहोंखेरीज एक आडवाट आहे आणि आपल्या प्रश्नासाठी तीच महत्त्वाची. दोन्ही टोके थोडी सोलली गेली, पण जुळी प्रत हाताशी नाही, अशा वेळी पोल थीटा नावाचे विकर दोन्ही उघड्या धाग्यांवर कुठे दोन-चार अक्षरे सारखी आहेत का ते बघते. सापडली की ती एकमेकांवर बसवते आणि मधले सगळे कापून टाकते. जिथे मूळ मजकुरात एकच शब्द दोन ठिकाणी होता, तिथे आता तो एकदाच उरतो आणि मधल्या ओळी गायब होतात. ही झाली गाठ. अशी जागा वाचताना आम्हाला लगेच कळते की इथे एकदा तुटले होते आणि घाईत जोडले गेले.

टोक दिसले की जोड, अशी पेशीची सवय असेल तर गुणसूत्रांच्या नैसर्गिक टोकांचे काय, ती एकमेकांना का चिकटत नाहीत? त्यांवर टेलोमिअरचे टोपण असते. आपल्यात टीटीएजीजीजी या सहा अक्षरांची हजारो वेळा पुनरावृत्ती आणि तिला बिलगलेली प्रथिने मिळून हे टोपण बनते. ‘हे तुटलेले टोक नव्हे’ एवढाच निरोप ते देते. कधी तरी टोपण निसटते. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या ऐन मध्यात हीच सहा अक्षरे एकदा सुलट आणि लगेच पुढे उलट लिहिलेली सापडतात. दोन गुणसूत्रे टोकाला टोक लावून चिकटली ती ही जागा. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्याकडे ती दोन अजून सुटी आहेत, म्हणून त्यांची ४८ आणि आपली ४६.

इथे एक घोळ नेहमी होतो, तो मिटवून पुढे जाऊ. तुमच्या त्वचेच्या पेशीत पडलेली गाठ उत्क्रांतीच्या हिशेबात शून्य आहे. ती तुमच्याबरोबर संपते. हिशेबात धरायची ती फक्त अंडी आणि शुक्राणू बनवणाऱ्या पेशींतली. तिथे दुरुस्ती जास्त काटेकोर असते, पण तरीही प्रत्येक मूल आईवडिलांत नसलेले साठ-सत्तर बदल घेऊन जन्माला येते. त्यातले बहुतेक बदल एकेका अक्षराचे असतात. उत्क्रांतीचा बहुतांश कच्चा माल अशाच एकेका अक्षराच्या चुकांतून येतो, आणि मी तुटींवर काम करते म्हणून सगळे श्रेय तुटींना दिले तर ती लबाडी होईल. पण एखादा मोठा तुकडा एका पिढीत नाहीसा व्हायचा असेल तर धागा तुटावाच लागतो किंवा नक्कल करताना मोठी उडी पडावी लागते. अशा बदलांची नोंद हाडांत उमटण्याची शक्यताही जास्त.

याचे माझ्या माहितीतले सर्वांत चांगले उदाहरण बोटभर लांबीच्या स्टिकलबॅक माशाचे. समुद्रातल्या स्टिकलबॅकच्या पोटाखाली दोन टणक काटे आणि त्यांना आधार देणारे हाडांचे कमरपट्ट्यासारखे कडे असते. आपल्या पायांशी नाते सांगणारा हा भाग. शेवटचे हिमयुग ओसरले, तसे हे मासे उत्तर गोलार्धात ठिकठिकाणी नव्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत शिरले आणि दहा-बारा हजार वर्षांत अनेक तळ्यांत त्यांनी हे काटे गमावले. एकमेकांशी संबंध नसलेल्या तळ्यांत, स्वतंत्रपणे. कारणे दोन दिली जातात. गोड्या पाण्यात कॅल्शियम कमी असते, आणि चतुराच्या पाणअळ्या काटे पकडून माशाला धरतात.

काटे गेले कसे, हे जीवशास्त्रज्ञ डेव्हिड किंग्सली यांच्या गटाने शोधले. पिटएक्स-१ हे जनुक कमरेची हाडे घडवते, पण ते जबड्यात आणि इतरत्रही लागते, त्यामुळे ते गमावले तर मासा जगणार नाही. काटे नसलेल्या माशांत ते जनुक धडधाकट आहे. त्याच्या शेजारचे एक बटण मात्र गायब आहे: पेल नावाचा डीएनएचा तुकडा, जो हे जनुक फक्त कमरेच्या जागी चालू करतो. २०१० साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा आमच्यासारख्यांचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. वेगवेगळ्या तळ्यांत पेल वेगवेगळ्या लांबीने कापला गेला होता, म्हणजे पुन्हा पुन्हा नव्याने. आणि कापल्याच्या सांध्यावर बऱ्याच ठिकाणी दोन-चार सारखी अक्षरे होती. वर सांगितलेली घाईची गाठ.

आता शंका अशी. लहानशा तळ्यात, काही हजार पिढ्यांत, नेमका हाच तुकडा इतक्यांदा कसा तुटावा? साध्या चुकांचा वेग घेऊन गणित केले तर ते जमत नाही. २०१९ साली त्याच गटाने उत्तर दिले. पेलमध्ये टी आणि जी ही दोन अक्षरे आळीपाळीने लांबवर येत राहतात. अशा मजकुराचा पीळ नेहमीसारखा बसत नाही आणि तिथे नक्कल करणारी यंत्रणा अडते. त्यांनी समुद्री माशाचा पेल यीस्टच्या पेशीत घालून तुटण्याचा वेग मोजला, तर तो साध्या तुकड्याच्या २५ ते ५० पट निघाला. तोच तुकडा उलटा करून बसवला तर तुटणे जवळजवळ थांबले, कारण आता नक्कल दुसऱ्या दिशेने त्यातून जात होती. माझ्या मते या प्रयोगातली खरी चलाखी या उलट्या तुकड्यात आहे. अक्षरे तीच आणि फरक फक्त दिशेचा, त्यामुळे दोष दुसऱ्या कशावर ढकलायला जागाच उरत नाही.

म्हणजे कच्चा दुवा पेलमध्ये होता, पेशीने तो जमेल तसा जोडला, आणि जोडताना बटण गेले. याचा अर्थ तळ्याला काटे नको होते म्हणून डीएनए तुटला, असा मात्र घेऊ नका. समुद्रातही पेल तुटतच असणार. तिथे बिनकाट्याचे पिल्लू मोठ्या माशाच्या तोंडी जाते. तळ्यात ते तरले.

सापांची गोष्ट याच घरातली, पण वण पुसट झालेला. पाय उगवताना लागणाऱ्या सॉनिक हेजहॉग या जनुकाचे एक बटण त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर आहे. बहुतेक सापांत या बटणातली १७ अक्षरे नाहीत. २०१६ साली उंदराचे बटण काढून सापाचे घातले गेले. उंदराला पायांच्या जागी खुंट आले. ती १७ अक्षरे परत भरल्यावर पाय आले. जीवाश्मांकडे बघितले तर अर्जेंटिनात सापडलेल्या, साधारण साडेनऊ कोटी वर्षे जुन्या नाजाश या सापाला मागचे पाय आणि कमरेची हाडे होती. पाय गेले ते टप्प्याटप्प्याने, पुढचे आधी, हे हाडे सांगतात. बटण केव्हा आणि किती बिघडले, ते आजच्या अजगरापासून नागापर्यंतचा डीएनए शेजारी ठेवून ताडता येते. सतरा अक्षरांची गळ मात्र टोके छाटल्याने झाली की नक्कल करताना धागा घसरल्याने, हे इतक्या काळानंतर एका जागेवरून ठरत नाही.

आता मासा आणि चार पाय. इथे तुटीचा संबंध निराळ्या बाजूने येतो आणि तो मला फार आवडतो. नील शुबिन, टेड डेशलर आणि फॅरिश जेन्किन्स या जीवाश्मशास्त्रज्ञांना २००४ साली कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर टिकटालिक हा मासा आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीवाश्म सापडला; २००६ साली तो प्रसिद्ध झाला. वय साधारण साडेसदतीस कोटी वर्षे. खवले आणि पर माशाचे, पण मान सुटी, आणि पराच्या आत दंडाचे हाड, कोपरापुढची दोन हाडे आणि मनगटासारखी रचना. बोटे नाहीत, त्यांच्या जागी माशासारखे पराचे पातळ काटेच. तो सापडला नशिबाने नव्हे. या वयाचे, नदीमुखात साचलेले खडक कुठे उघडे पडले आहेत, हे भूवैज्ञानिक नकाशांवर शोधून ते तिथे गेले होते आणि काही मोहिमा रिकाम्या हातांनी परतले होते.

मग पराच्या काट्यांची बोटे कशी झाली? बोटांना लागणारी हॉक्स-१३ ही जनुके माशांतही आहेत, पण तिथे ती काय करतात हे दगड सांगू शकत नाही. २०१६ साली शुबिन यांच्याच प्रयोगशाळेने झेब्राफिश घेतला आणि क्रिस्परने त्याची हॉक्स-१३ जनुके मोडली. क्रिस्पर म्हणजे काय, तर हव्या त्या जागी डीएनएचे दोन्ही धागे कापणारी कात्री. यापलीकडे ती काहीच करत नाही. जनुक मोडते ती कात्री नव्हे, माशाची स्वतःची दुरुस्ती. कापलेली टोके एनएचईजे आणि ती आडवाट आपल्या नेहमीच्या निष्काळजीपणाने जोडतात, दोन-चार अक्षरे गळतात आणि जनुकाचा अर्थ जातो. त्या माशांच्या परांतले काटे खुरटले आणि आतली हाडे संख्येने वाढली. म्हणजे माशाच्या पराचे काटे आणि आपली बोटे एकाच जनुकांच्या हुकमतीखाली घडतात, जरी ती हाडे दिसायला आणि बनायला वेगळी असली. आपला प्रश्न होता, दुरुस्ती असताना मासा बदलला कसा? दुरुस्ती ढिसाळ आहे म्हणून तर आम्हाला प्रयोगशाळेत मासा बदलून बघता येतो.

दुरुस्तीची यंत्रणा स्वतःही बदलत आली आहे, हे सहसा सांगितले जात नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी शेजारशेजारची दोन थायमीन अक्षरे एकमेकांना चिकटतात. जिवाणूंपासून बेडकांपर्यंत बहुतेकांकडे फोटोलायेज हे विकर निळ्या प्रकाशाच्या बळावर ती एका फटक्यात सुटी करते. आपल्याकडे, म्हणजे नाळ असलेल्या सर्वच सस्तन प्राण्यांकडे, ते नाही. आपल्याला तीसेक प्रथिने जमवून तीस अक्षरांच्या आसपासचा तुकडा कापून काढावा लागतो, आणि ती प्रथिने बिघडलेल्या मुलांना ऊन सोसत नाही. फोटोलायेज गेले कारण डायनासोरांच्या काळात आपले पूर्वज लहान आणि निशाचर होते, असे स्पष्टीकरण देतात. त्या काळातले सस्तनांचे जीवाश्म खरेच बहुतांशी उंदरा-चिचुंद्रीएवढे आहेत. सोमालियातल्या गुहेत लाखो वर्षे अंधारात राहिलेल्या आंधळ्या माशाची प्रकाशावर चालणारी दुरुस्ती निकामी झाली आहे, हे २०१८ साली दाखवले गेले, तेव्हा या मताला जोर आला. मला त्यात एक खडा लागतो. कांगारूंचे पूर्वजही त्याच रात्रीतून आले आणि त्यांच्याकडे फोटोलायेज शाबूत आहे. अंधार हे कारण असेलही, पण पुरेसे नाही.

जबडा असलेल्या सर्व पृष्ठवंशींनी तर तुटण्याचीच सोय करून घेतली आहे. त्यांच्या प्रतिकारपेशी रॅग नावाच्या प्रथिनांनी आपलाच डीएनए मुद्दाम कापतात आणि एनएचईजेकडून वेडावाकडा जोडून घेतात. प्रत्येक वेडावाकडा जोड म्हणजे एक नवे प्रतिपिंड. शार्कपासून आपल्यापर्यंत हे चालते, जबडा नसलेल्या लॅम्प्रे या माशात नाही. रॅगचे मूळ इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या एका डीएनएच्या तुकड्यात आहे. त्याचा नातलग २०१६ साली लॅन्सलेट या माशासारख्या दिसणाऱ्या, कणा नसलेल्या प्राण्यात अजून हालचाल करताना सापडला.

राहिला तिसरा प्रश्न, जीवाश्मातल्या डीएनएचा. प्राणी मेला की दुरुस्ती थांबते आणि पडझड चालूच राहते, एवढे साधे आहे. अक्षरे गळतात, धागे तुटतात, सायटोसीनचे युरॅसिल होते आणि काढायला कुणी नसते. युरॅसिलवाले लिंडालच १९९३ साली सांगत होते की पाण्यात डीएनएचे आयुष्य रसायनशास्त्राने बांधलेले आहे आणि कोट्यवधी वर्षे जुन्या डीएनएच्या बातम्यांवर विश्वास ठेवू नका. १९९४ साली आठ कोटी वर्षे जुन्या हाडातून डीएनए मिळाल्याचा दावा झाला. तो माणसाचा निघाला. आज मॅमथचा दहा लाख वर्षांहून जुना आणि ग्रीनलंडच्या गोठलेल्या गाळातला वीस लाख वर्षे जुना डीएनए वाचला गेला आहे. तोही थंडीची कृपा म्हणून, आणि तुकड्यातुकड्यांत. डायनासोरचा मिळणार नाही. लिंडाल यांनी शोधलेले ते युरॅसिल काढणारे विकर आज प्राचीन डीएनएच्या प्रयोगशाळांत बाटलीतून वापरतात, मेलेल्या प्राण्याची अपुरी राहिलेली दुरुस्ती पुरी करायला. पण सगळे युरॅसिल काढत नाहीत. तुकड्यांच्या अगदी टोकांवरचे बरेचदा मुद्दाम ठेवतात, कारण ते नसेल तर डीएनए जुना आहे की हाड हाताळणाऱ्याचा, हे कळणार नाही.

मग एक कोटी वर्षे जुन्या दगडासमोर काय करायचे? पुन्हा स्टिकलबॅककडे येते. अमेरिकेतल्या नेवाडात तेवढ्या वर्षांपूर्वी एक तळे होते. त्याच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एक पातळ थर बसत गेला, त्यामुळे तिथे काळ थर मोजून सांगता येतो. जीवशास्त्रज्ञ मायकेल बेल यांनी त्यातले स्टिकलबॅकचे जीवाश्म थराथराने काढले. मासे आधी काट्यांचे आहेत आणि पुढे काही हजार वर्षांच्या थरांत कमरेची हाडे झिजत जातात. पण हे पिटएक्स-१ मुळे झाले की दुसऱ्याच कशामुळे?

उंदरात पिटएक्स-१ बंद केले की मागचे पाय आखूड होतात, पण डावा उजव्यापेक्षा मोठा राहतो. कारण त्याचे भावंड पिटएक्स-२ शरीराच्या डाव्या बाजूला चालते आणि थोडी भरपाई करते. म्हणून बेल आणि सहकाऱ्यांनी अलास्काच्या कुक इनलेट भागातल्या, कमर झिजलेल्या माशांच्या २७ समूहांतले ६,३५६ मासे तपासले. हाडांचे अवशेष दोन्ही बाजूंना सारखे नसतील तिथे मोठा कुठला, एवढेच मोजायचे. २० समूहांत डावा मोठा निघाला. तीन समूहांत स्पष्टपणे उजवा, तेव्हा सगळीकडे हीच कथा नाही हेही खरे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात त्यांनी स्टिकलबॅकच्या जीवाश्मांचाही एक नमुना असाच मोजला होता. त्यातही डावा अवशेषच मोठा होता.

बोट पिटएक्स-१ कडे जाते ते यामुळे. पेल तुटूनच गेला होता की त्यातले एखादे अक्षर बदलले होते, हे त्या हाडावरून सांगता येत नाही. गाठ डीएनएबरोबर विरघळली. डावीउजवीकडचा फरक तेवढा दगडात राहिला.